माझदा सीएक्स-५ (सेकंड हॅन्ड, कॅनडा) घ्यावी का? सल्ला हवा

मीनल_ओंटारिओ

नमस्कार मंडळी,

आम्ही मिसिसागाजवळ राहतो. सध्याची छोटी सेडान घराला पुरेनाशी झाली आहे. मुलगी पाच वर्षांची, आणि सासूसासरे दर उन्हाळ्यात इकडे येऊन राहतात. म्हणून सेकंड हॅन्ड एसयूव्ही घ्यायचं ठरलंय, बजेट २५ हजार डॉलरच्या आत. टोयोटाची रॅव्ह-फोर आणि होंडाची सीआर-व्ही दोन्ही पाहिल्या, पण तेवढ्याच जुन्या आणि तेवढ्याच चाललेल्या गाड्यांना लोक बरेच जास्त पैसे मागतात. माझदा सीएक्स-५ बजेटात बसते. चालवून पाहिली, दोघांनाही आवडली.

पण जितकी तोंडं तितकी मतं. ऑफिसात एकजण म्हणतो, माझदा म्हणजे गंज, नादी लागू नकोस. दुसरी म्हणते, टोयोटाच्या तोडीची आहे, डोळे मिटून घे. सासऱ्यांनी तर व्हिडिओ कॉलवर निकालच लावला, "माझदा? अगं ती टेम्पो-ट्रकवाली कंपनी!" त्यांच्या नाशिकच्या कारखान्याची बस स्वराज माझदा होती.

ही कंपनी मुळात कशी आहे, तिचं नाव कशामुळे झालं आणि कशामुळे बिघडलं, आणि कोणत्या वर्षाची गाडी घ्यावी किंवा टाळावी, हे जाणकारांनी सांगावं. पाच-सात वर्षं तरी वापरायची आहे.

रानवारा

वाचतोय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

अण्णा_कोथरूड

मीनलताई, सासऱ्यांना हसू नका, त्यांची आठवण पक्की आहे. १९८०च्या दशकात पंजाब ट्रॅक्टर्स, जपानची माझदा आणि सुमितोमो यांनी मिळून पंजाबात स्वराज माझदा सुरू केली. हलके ट्रक आणि मिनीबस. शाळांच्या आणि कंपन्यांच्या किती बस त्या नावाच्या होत्या! २०११मध्ये कंपनीचं नाव एसएमएल इसुझू झालं आणि माझदा हे नाव आपल्या रस्त्यांवरून दिसेनासं झालं. माझदाच्या मोटारी भारतात कधी रीतसर विकायला आल्याच नाहीत, त्यामुळे आपल्या पिढीला माझदा म्हणजे बस हेच माहीत.

आणि गंमत नाही सांगत, मूळ कंपनीही मालवाहू गाड्यांतूनच उभी राहिली. १९३१ साली त्यांनी पहिली गाडी काढली ती तीनचाकी टेम्पोच होती. बाकीचा इतिहास इथे त्रिकोणी यांनी लिहावा, त्यांचा अभ्यास आहे.

त्रिकोणी

अण्णा, हाक मारलीत म्हणून लिहितो. लांबेल, पण इतिहास कळला की ही गाडी अशी का आहे ते कळतं.

१९२० साली हिरोशिमात बुचाचा माल बनवणारा एक कारखाना निघाला, तोयो कॉर्क कोग्यो, म्हणजेच पुढची माझदा. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा यांनी तो हाती घेतला. बुचाच्या धंद्यात फार दम नव्हता, म्हणून ते यंत्रांकडे वळले आणि मग तीनचाकी आली. ६ ऑगस्ट १९४५ला बाँब पडला तेव्हा कारखाना स्फोटाच्या जागेपासून साधारण पाच किलोमीटरवर होता आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी होती. त्या टेकडीच्या आडोशामुळे इमारती बऱ्याच अंशी वाचल्या. शहर बेचिराख झालेलं, सरकारी कचेऱ्यांना जागा नाही, म्हणून हिरोशिमा प्रांताचा कारभार काही महिने माझदाच्या इमारतीतून चालला. त्याच डिसेंबरात तीनचाकीचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. हिरोशिमात या कंपनीबद्दल जी आपुलकी आहे तिचं मूळ इथे आहे. तिथल्या बेसबॉल संघाच्या नावातही आजवर 'तोयो' आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. १९६०च्या सुमारास जपान सरकारच्या मनात होतं की इतक्या मोटार कंपन्या नकोत, लहानांनी मोठ्यांत विलीन व्हावं. जुजिरो यांचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा तेव्हा अध्यक्ष होते. स्वतंत्र राहायचं तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं, हे त्यांनी ओळखलं आणि जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी रोटरी इंजिनासाठी करार केला. या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नसतात. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर लांबट गोल पोकळीत फिरतो, आणि त्याच्या तीन टोकांवर बसवलेल्या पट्ट्या भिंतीला घासत आतला वायू अडवून धरतात.

सगळी मेख त्या पट्ट्यांत होती. वेगाने फिरताना त्या थरथरायच्या आणि भिंतीच्या गुळगुळीत क्रोमवर आडवे ओरखडे उठायचे, ओळीने, एकसारख्या अंतरावर. बोट फिरवलं तर खडबड लागावी इतके. तिथले लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर बसले आणि एकामागून एक पदार्थ वापरून पाहत राहिले. शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी टिकली. १९६७मध्ये हे इंजिन असलेली कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारात आली. जगातल्या किती बड्या कंपन्यांनी रोटरीचे परवाने घेतले होते! वर्षानुवर्षं ते इंजिन विकून दाखवलं ते माझदाने.

त्याची किंमतही मोजली. रोटरी पेट्रोल पिते. १९७३च्या तेलटंचाईत अमेरिकेतला खप कोसळला, कंपनी बुडायला आली, सुमितोमो बँकेने सावरलं. कारखान्यातली माणसं शोरूमवर गाड्या विकायला पाठवावी लागली. १९७९मध्ये फोर्डने सुमारे पाव हिस्सा घेतला. तरी रोटरी सोडली नाही. १९७८ची आरएक्स-७ ही स्पोर्ट्स कार त्याच इंजिनावर, आणि १९९१ला फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणारी ७८७बी ही रेसिंग कार सुद्धा. ती शर्यत जिंकणारी पहिली जपानी कंपनी माझदा, टोयोटा नाही की निस्सान नाही. आणि १९८९ची एमएक्स-५, लहानशी दोन सीटांची उघडी गाडी. अशा गाड्यांची सद्दी संपली असं सगळे म्हणत असताना काढली आणि दहा लाखांवर विकली.

म्हणून माझं मत असं की माझदा ही हट्टी कंपनी आहे. बाकीचे सोडून देतात ते ती धरून बसते. त्या हट्टानेच ती दोनदा-तीनदा खड्ड्यात गेली आणि त्यानेच वर आली. मीनलताई, तुम्ही बघताय ती सीएक्स-५ त्याच हट्टाचं फळ आहे. २०१०नंतर बऱ्याच कंपन्या लहान टर्बो इंजिन (जादा हवा आत कोंबून ताकद वाढवणारं) आणि सीव्हीटी गिअरबॉक्स (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) यांकडे वळल्या. माझदाने टर्बोशिवायचं साधं इंजिनच इतकं घासूनपुसून काढलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, १३ला १ पर्यंत नेलं, आणि मागे नेहमीचा सहा गिअरांचा ऑटोमॅटिक ठेवला. त्याला त्यांनी स्कायॲक्टिव्ह नाव दिलं. २०१२ची सीएक्स-५ ही ते सगळं एकत्र असलेली पहिली गाडी. सीव्हीटी नाही, हे जुनी गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने मोठं सुख आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन ग्राहकसंस्थेच्या २०२०च्या विश्वासार्हतेच्या यादीत माझदा पहिली आली, टोयोटाच्याही वर, ती उगाच नाही.

रानवारा

त्रिकोणी, मस्त लिहिलंय! हिजियामाचं माहीत नव्हतं.

ओटावाकर

इतिहास छान, पण ऑफिसातला तो गंजवाला माणूस खोटं बोलत नाही, हेही सांगायला हवं.

फोर्डच्या काळातली पहिली माझदा ३ (त्यांची छोटी मोटार), म्हणजे २००४ ते २००९ची, इथे कॅनडात गंजासाठी कुप्रसिद्ध आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात त्या भागात या गाड्यांच्या मागच्या चाकांवरच्या कमानी खाल्लेल्या दिसतात. इंजिन ठणठणीत, पत्रा गेलेला. लोकांच्या मनात तेच चित्र बसलंय. स्कायॲक्टिव्हच्या काळातल्या गाड्या यात पुष्कळ सुधारल्या आहेत, तरी ओंटारिओत वापरलेली कोणतीही दहा वर्षांची गाडी खाली वाकून बघितल्याशिवाय घेऊ नये.

कसं बघायचं ते सांगतो. मागच्या चाकाच्या कमानीची आत वळलेली कड असते, तिच्यावरून बोट फिरवा. तिथे चिखल आणि मीठ साचून राहतं. रंगाखाली बारीक फोड लागले, मोहरीच्या दाण्याएवढे का होईना, तर आतून सुरुवात झाली असं समजा. मग डिकीच्या दाराची खालची कड आणि बाजूच्या दारांच्या तळाची पाणी जायची भोकं बघा. भोकं बुजलेली असली तर दार आतून कुजतं. शेवटी लिफ्टवर चढवून मागच्या सस्पेंशनचे हात आणि ब्रेकच्या नळ्या. वरवरचा तांबूस थर चालेल, पापुद्रे सुटत असतील तर नको. गाडी धुऊन, चकाचक पॉलिश करून दाखवत असतील तर हे आणखी नीट बघा.

घेतल्यावर दर शरद ऋतूत गंजरोधक तेल फवारून घ्या, ठिबकणाऱ्या प्रकारचं. आणि माझदाचा तो प्रसिद्ध लाल रंग दिसायला अप्रतिम आहे, पण खडी लागून टवका उडाला तर दुरुस्तीत हुबेहूब जुळवणं अवघड आणि महाग. करडी किंवा पांढरी मिळाली तर बरी.

मीनल_ओंटारिओ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही. सासऱ्यांना हिरोशिमाचा भाग वाचून दाखवला, ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "घ्या मग."

आता दोन गाड्या नजरेत आहेत. एक २०१७ची, ९८ हजार किमी, आणि एक २०१९ची टर्बो, १ लाख १० हजार किमी, किंमत थोडी जास्त. नवऱ्याला टर्बो हवी आहे. शिवाय मागच्या सीटबद्दल कुणी सांगेल का?

गॅरेज_दादा

ताई, २०१७ची घ्या. टर्बोचा पिकअप जबरदस्त आहे, तुमच्या यजमानांचं मन मी समजू शकतो. पण २.५ टर्बोमध्ये काही गाड्यांच्या सिलिंडर हेडला तडा जाऊन कूलंट गळतं. कंपनीने स्वतः त्यावर सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे मेकॅनिकांसाठी दुरुस्तीची सूचना, काढलंय. सगळ्यांना होतं असं नाही, पण वॉरंटी संपलेल्या गाडीवर हा खर्च तुमच्या बजेटवाल्या माणसाने अंगावर का घ्यावा?

२०१८ आणि २०१९च्या साध्या २.५ इंजिनातही एक गोष्ट आली, कमी गरज असताना दोन सिलिंडर बंद करण्याची सोय. त्यावर २०१९मध्ये मोठा रीकॉल झाला, म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलून दिलं. तशी गाडी बघत असाल तर ते काम झालंय का हे शोरूमला चॅसी नंबर देऊन विचारा. २०१७च्या गाडीत ही भानगडच नाही. २०१९ला थोडा काळ डिझेलही विकली, ती फुकट दिली तरी नको. त्या डिझेल इंजिनात काजळी धरण्याचा त्रास जगभर गाजलाय.

इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे तो खर्च नाही. ऑइल वेळेवर बदललंय याच्या पावत्या मागा. गिअरबॉक्सचं ऑइल बदलायची गरज नाही असं कुणी म्हणालं तरी एक लाखाच्या आसपास बदलून घ्या. चारही टायर एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेले आहेत का ते बघा. ऑल-व्हील ड्राइव्हला (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला) वेगवेगळे मिसळलेले टायर मानवत नाहीत.

सिडनीची_सई

मागच्या सीटबद्दल मी सांगते, कारण आमच्याकडे ऑस्ट्रेलियात या गाड्या गल्लोगल्ली आहेत. २०११ आणि २०१२ला तर माझदा ३ इथली सगळ्यात जास्त विकलेली गाडी होती. आमची सीएक्स-५ कुटुंबात चौथ्या माणसापर्यंत फिरून आली आहे आणि सगळ्यांची लाडकी आहे.

पण मागची जागा सीआर-व्हीपेक्षा कमी आहे, हे मान्य करायला हवं. मुलीची सीट मागे लावली की उरलेल्या जागेत दोन मोठी माणसं दाटीवाटीने बसतात. सासऱ्यांना पुढे बसवा आणि तुम्ही किंवा सासूबाई मागे, तर उन्हाळ्याचे दोन-तीन महिने सहज निभतात. चढ-उतार मात्र सोपी आहे, वाकावं लागत नाही. आमच्या आईचे गुडघे दुखतात, तिला सेडानपेक्षा हीच बरी वाटते. सासूसासऱ्यांना घेऊन वारंवार लांबचे प्रवास होणार असतील, तर मी खरंच सांगते, थोडे पैसे वाढवून सीआर-व्ही बघा. रोजची शाळा-ऑफिस आणि अधूनमधून नायगारा असं असेल तर माझदाच.

मीनल_ओंटारिओ

लांबचे प्रवास वर्षाकाठी एक-दोनच. मग २०१७ची नक्की करतेय, टर्बोचा हट्ट नवऱ्याने सोडला. ही गाडी एका छोट्या डीलरकडे आहे. तो म्हणतो तपासणी आम्हीच केली आहे, बाहेरच्या मेकॅनिकला दाखवायची गरज नाही.

ओटावाकर

असं म्हणतो तिथून आधी बाहेर पडा आणि मग फोनवर सांगा, "आमच्या मेकॅनिकने बघितल्याशिवाय व्यवहार नाही." शंभर-दीडशे डॉलर लागतील, ते द्या. नाही म्हणाला तर गाडी कितीही चांगली दिसो, सोडून द्या. २०१७च्या सीएक्स-५ला ओंटारिओत तोटा नाही. सोबत गाडीचा अपघात-इतिहासाचा अहवाल घ्या आणि ती आधी कुठल्या प्रांतात होती ते बघा. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरून आलेली मिळाली तर पत्रा बहुतेक छान असेल, तिथे रस्त्यावर मीठ कमी पडतं.

गॅरेज_दादा

आणि सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जा. आधीच सुरू करून ठेवू नका म्हणावं. पहिल्यांदा चालू केल्यावर हे इंजिन दहा-पंधरा सेकंद, कधी जास्त, वरच्या आवाजात फिरतं. ते नॉर्मल आहे, घाबरू नका. नंतर आवाज खाली येऊन स्थिर व्हायला हवा.