सल्ला हवा: द्राक्षघडांना लावायचा पेपर दवात भिजू नये म्हणून त्याला काय लावता येईल?

बागेतला_पोरगा

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. गोड छाटणी, म्हणजे घड धरायची छाटणी, उरकली, डिसेंबरअखेर घडांना पेपर लावायचे आहेत. शेतीबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. निफाडजवळच्या कुंदेवाडीचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात ना, त्या दिवसांत रात्री कडाका आणि दुपारी ऊन असं झालं की हिरवे मणी गुलाबी पडतात. हिरव्या मालात गुलाबी मणी दिसला की व्यापारी तो घड बाजूला काढतो. म्हणून मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागायच्या, आत घड वर्तमानपत्राच्या रद्दीत गुंडाळायचा, अशी इकडची पद्धत.

अडचण रद्दीचीच आहे. पहाटेचं दव पडलं की पेपर लिबलिबीत होतो, घडाला चिकटतो, वाळला की तसाच आक्रसून बसतो. मधे अवकाळीचा एखादा सडाका आला तर विचारायलाच नको. ओला पेपर काढताना मण्यावरची पांढरी पावडर पुसली जाते, आत कूज दिसते ती वेगळीच.

तर प्रश्न असा की पेपरला घरच्या घरी काही केमिकल लावून तो पाण्याला टिकेल असा करता येतो का? तुरटी-साबण, पातळ मेण, पांढरा डिंक पाण्यात कालवून, बुटांना मारतात तो वॉटरप्रूफ स्प्रे, असं जो तो काही ना काही सुचवतो. माल एक्स्पोर्टला जातो, त्यामुळे रेसिड्यूची, म्हणजे मालावर राहणाऱ्या रसायनाच्या अंशाची, धास्ती आहे. कुणी केलं असेल तर सांगा.

सातपूरकर

एवढा खटाटोप कशाला? वर प्लास्टिकचं क्रॉप कव्हर टाका, विषय संपला.

बागेतला_पोरगा

@सातपूरकर, भाऊ, कव्हरचा एकरी खर्च ऐकलात तर तुम्हीच विषय बदलाल. शिवाय कव्हरखाली थंडी अडत नाही, पेपर लावावाच लागतो.

रसायनवाली

मी काही वर्षं एका पेपर मिलच्या लॅबमध्ये होते, आता नाशकातच असते. जरा लांब लिहिते.

दादा, आधी एक ठरवा. कागदात पाणी शिरायला नको आहे, की भिजला तरी तो फाटायला नको आहे, की त्यातून दमट हवासुद्धा जायला नको आहे? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि दुकानदार तिन्हीला वॉटरप्रूफ म्हणून मोकळा होतो.

कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. त्यांच्यावर पाण्याला ओढणारे हायड्रॉक्सिल गट असतात आणि तंतू एकमेकांना धरून राहतात तेही याच गटांमधल्या हायड्रोजन बंधांमुळे. पाणी आलं की ते या बंधांच्या मधे घुसतं आणि तंतू सुटे होतात. साधा कागद पूर्ण भिजला की त्याची ताकद कोरड्या कागदाच्या जेमतेम ५ ते १० टक्के उरते. वर्तमानपत्राचा कागद तर लाकूड यंत्रावर दळून केलेल्या आखूड तंतूंचा, आणि पाणी अडवणारं द्रव्य त्यात जवळपास नसतंच, कारण छापताना शाई पटकन शोषली जायला हवी असते. म्हणजे तुम्ही घडाला टीपकागद गुंडाळताय.

पाणी शिरू नये यासाठी जे करतात त्याला साइझिंग म्हणतात. १८०७ साली जर्मनीत मोरिट्झ इलिगने लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची रीत प्रसिद्ध केली, ती दीडशे वर्षांहून जास्त चालली. आता बऱ्याच गिरण्या एकेडी वापरतात, म्हणजे अल्किल कीटीन डायमर. मेणासारखं द्रव्य असतं, तंतूला रासायनिक बंधाने जोडलं जातं आणि त्याला तुरटीसारखं आम्ल लागत नाही. साइझ केलेल्या कागदावर थेंब उभा राहतो, पण वाफ आरपार जाते. हे महत्त्वाचं, खाली पुन्हा येतेय त्यावर.

भिजूनही फाटू नये यासाठी वेगळं रेझिन लागतं: युरिया किंवा मेलामाइन फॉर्मल्डिहाइड, किंवा हल्ली जास्त चालणारं पॉलिअमाइड-एपिक्लोरोहायड्रिन. ते तंतूंच्या सांध्यांभोवती पाण्यात न विरघळणारी जाळी तयार करतं. याला वेट स्ट्रेंग्थ पेपर म्हणतात. ओला असताना किमान १५ टक्के ताकद उरली तरच हे नाव द्यायचं असा संकेत आहे, चांगल्या कागदात २०-३० टक्के उरते. आपल्या नाशिकरोडला छापलेली नोट पँटच्या खिशात धुवून निघते, आठवा. ओली होते, पण फाटत नाही. तिच्यात कापसाचे लांब तंतूही असतात, ही मदत वेगळी.

तिसरा प्रकार म्हणजे मेण किंवा पॉलिथिनचा थर. त्यातून वाफही जात नाही.

तुम्हाला पहिले दोन हवेत, तिसरा अजिबात नको. घड जिवंत आहे, त्यातून सतत थोडं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. मेणकागदात कोंडलंत तर दुपारी आत घाम आणि रात्री कागदाच्या आतल्या अंगाला थेंब. बाहेरचं दव अडवलं आणि आत स्वतःचं तयार केलं, असा हिशेब होतो.

आता घरगुती उपायांबद्दल.

तुरटी-साबण खरंच चालतो, जुनी युक्ती आहे. आधी कागद साबणाच्या कोमट पाण्यातून काढायचा, निथळवायचा, मग तुरटीच्या पाण्यातून. तंतूंमध्येच ॲल्युमिनियमचा साबण तयार होऊन बसतो, तो पाण्यात विरघळत नाही. सुरुवातीला लिटरला ५०-५० ग्रॅम घेऊन एका तावावर पाहा. साबण म्हणजे साधा तेलाचा बार, डिटर्जंट पावडर नाही. आणि बोअरचं पाणी नको. कॅल्शियममुळे निम्मा साबण बादलीतच फाटतो. पण हे सगळं कागदी पिशव्या, खोक्यातले कप्पे, लेबलं यांच्यासाठी. रद्दी मुळात ओली झाली की हातात राहत नाही, तिला दोन आंघोळी कशा घालणार? आणि राहिलेली तुरटी दवात उतरून मण्यावर पांढरे डाग पाडेल.

पांढरा डिंक वाळला की बरा वाटतो, ओला झाला की पुन्हा पांढरा होऊन चिकट होतो. घडाजवळ तर नकोच. बुटांचे स्प्रे सिलिकोन किंवा फ्लोरिनच्या संयुगांचे असतात, खायच्या मालाजवळ आणू नका. जवसाचं तेल लावलेला कागद पूर्वी वापरायचे. पाण्याला टिकतो, पण पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात. ही भीती दाखवायला सांगत नाहीये, खरंच घेतात.

सातपूरकर

ताई, नोट नाशिकरोडला छापतात हे खरं, १९२८ पासून. पण कागदाची सरकारी गिरणी तिकडे मध्य प्रदेशात होशंगाबादला, आता नर्मदापुरम् म्हणतात ते. उगाच नाशिकला जास्तीचं श्रेय नको. 😀

रसायनवाली

मी छापलेली म्हटलंय! पण बरोबर.

बागाईतदार_काका

पोरगा, ताई सांगते ते ऐक, पण आधी पेपर लावायची पद्धत बघ. आमच्याकडे मजूर पेपर घडाभोवती आवळून खाली पण पिन मारतात. खालून मोकळा सोडायचा. वर देठाशी नीट मिटलेला, खाली उघडा, म्हणजे पाणी आलं तरी ओघळून जातं आणि हवा खेळते. पाऊस झाला की पहिल्यांदा ब्लोअर फिरवून पाणी झटकायचं. भिजलेला पेपर उद्या वाळेल म्हणून ठेवू नको, त्याच दिवशी काढ.

आणि अधूनमधून चार-दोन पेपर उघडून बघत जा. अंधार मिळाला की मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, आत संसार थाटतो. कागद पाण्याला टिकणारा झाला तर तो जास्त दिवस राहणार, म्हणजे हे बघणं जास्तच आलं.

खोकेवाला_अंबड

धंदा कोरुगेटेड बॉक्सचा, त्यामुळे कागद रोज हातात असतो. रद्दीवर प्रयोग करण्यात वेळ घालवू नका, सरळ साइझ केलेला कागद घ्या. बाजारात एमजी ब्लीच्ड क्राफ्ट मागा, म्हणजे पांढरा, एका बाजूने चकचकीत. ४० ते ५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) पुरे. जाड घेतला तर घडाला वळत नाही. दुकानदाराला तीन गोष्टी विचारायच्या: कॉब किती, वेट स्ट्रेंग्थ आहे का, फूड ग्रेडचं पत्र मिळेल का. पहिल्या प्रश्नावर तोंडाकडे बघत राहिला तर दुसरा दुकानदार शोधा.

कॉब म्हणजे ठरलेल्या वेळात, बहुतेक ६० सेकंदांत, एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम पाणी पितो. आकडा जितका कमी तितका कागद चांगला. घरी मोजता येतो. १०० चौरस सेंटिमीटर तोंडाची कडी घ्या, व्यास सव्वाअकरा सेंटिमीटरच्या जवळ, बूड कापलेला स्टीलचा डबा चालतो. कागद वजन करून खाली घट्ट दाबून धरा, वरून १०० मिली पाणी, मिनिट होत आलं की पाणी ओतून टिपून घ्या, पुन्हा वजन. जेवढे ग्रॅम वाढले गुणिले १००. सोनाराकडचा काटा लागेल, किराणा दुकानातला नाही. आमच्या खोक्याच्या बाहेरच्या कागदाचा कॉब ३०च्या आसपास असला की मी समाधानी असतो. रद्दीवर हे करून बघा, आकडा पाहून हसू येईल.

वेट स्ट्रेंग्थची तपासणी याहून सोपी. पट्टी कापून पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि दोन्ही हातांनी ओढा. साधा कागद निमूट सुटतो.

एक गोष्ट खोक्याच्या अनुभवातून. कोल्ड स्टोरेजला ९०-९५ टक्के आर्द्रता असते, तिथे पाण्याचा थेंब न पिणारं खोकंसुद्धा मऊ पडतं. उभं राहायची ताकद निम्म्यावर येते. म्हणजे साइझिंग दमट हवेला पुरत नाही, ताई म्हणतात तेच. तुमच्या पेपरला वजन पेलायचं नाहीये, म्हणून तुम्हाला चालेल.

रसायनवाली

+१. त्यात एक भर. पेपर लावल्यावर फवारणी घेणार असाल तर स्टिकर-स्प्रेडर, म्हणजे औषध पसरून चिकटावं म्हणून फवाऱ्यात घालतात ते द्रव्य, टाळा किंवा फवारणी आधीच उरका. साइझिंग टिकतं ते पाण्याच्या पृष्ठताणावर. स्प्रेडरचं कामच तो ताण मोडणं. थेंब उभा राहणारा कागदही स्प्रेडरच्या पाण्याने क्षणात आरपार भिजतो, आणि मग लोक म्हणतात कागद बोगस निघाला.

फूड ग्रेडचं पत्र मागायचं कारणही सांगते. फॉर्मल्डिहाइडची रेझिन्स थोडं फॉर्मल्डिहाइड सोडतात, एपिक्लोरोहायड्रिनवाल्यात क्लोरिनची उप-उत्पादनं उरू शकतात. खाद्यपदार्थांसाठीच्या कागदात ती मर्यादेत ठेवलेली असतात. पत्र नसलेला कागद वाईटच असेल असं नाही, पण एक्स्पोर्टच्या मालाला हा जुगार नको. तसं रद्दीही काही सोवळी नाही. वर्तमानपत्राच्या शाईत खनिज तेल असतं, आणि खाद्यपदार्थ त्यात बांधू नका असं एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ सालीच सांगितलंय.

गंगेवरचा

धाग्यात घुसतोय, माफ करा. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या यजमानांच्या नोंदींच्या चोपड्या आहेत, काही त्र्यंबकच्या घरी. पावसाळ्यात पानं सादळतात, बुरशी येते. वर तुरटी-साबणाचं वाचलं. पानांना लावू का?

रसायनवाली

नको नको नको. तुरटी आम्लधर्मी, आणि आम्लाने सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली कितीतरी पुस्तकं आज हात लावताच चुरा होतात, त्यात राळ-तुरटीच्या साइझिंगचा मोठा हात आहे. शिवाय पाण्यात बुडवल्यावर शाई फुटेल ती वेगळी. लॅमिनेशन, डिंक, मेण, काहीही लावू नका. जे परत काढता येत नाही ते जुन्या कागदावर जात नाही, एवढा एकच नियम.

तिथे खोलीवर इलाज करा. कपाट भिंतीपासून सुटं, जमिनीपासून वर. आत छोटा आर्द्रतामापक, आकडा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला आमंत्रण. जून ते सप्टेंबर सिलिका जेल, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायचं. तोवर पानांचे फोटो काढून ठेवा. बुरशी आलेली पानं झटकू नका, वेगळी ठेवून जाणकार संवर्धकाला दाखवा.

गंगेवरचा

धन्यवाद ताई. वडील डांबराच्या गोळ्या टाकतात, त्या?

रसायनवाली

त्या कसरीसाठी. ओलाव्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

बागेतला_पोरगा

सगळ्यांचे आभार. काल रद्दीची एक पट्टी आणि बेकरीतून आणलेला पांढरा कागद दोन्ही दहा मिनिटं बुडवून ओढले. रद्दीचा लगदा झाला, दुसरा ताणला तरी धरून होता. रसायनं लावायचा विचार सोडला. कागदच विकत घ्यायचा, पण सगळ्या बागेला नाही. विहिरीकडच्या सखल ओळींत दव सर्वांत जास्त बसतं, तिथे हा, बाकी ठिकाणी यंदा रद्दीच, खालून मोकळी सोडून.

@खोकेवाला दादा, चकचकीत बाजू आत की बाहेर? आणि रीळ घ्यावा लागेल की ताव मिळतात?

खोकेवाला_अंबड

चकचकीत बाहेर, पाणी लवकर घसरतं. मण्यांना खरखरीत बाजू लागली तरी कागद सैल असेल तर घासत नाही. ताव मिळतात पण कटिंगचे पैसे जास्त लावतात. शेजारचे दोन-तीन बागायतदार मिळून रीळ घ्या आणि मापाने कापून घ्या. नवा कोरा, नुकता गिरणीतून आलेला असेल तर वापरायच्या आधी दोन आठवडे पडू द्या. एकेडी आणि वेट स्ट्रेंग्थ दोन्ही गोदामात पडून पक्कं होत जातं.

बागाईतदार_काका

आणि पिन? कागद टिकला आणि पिन गंजली तर घडावर तांबडा डाग येतो.

बागेतला_पोरगा

काका, तेच विचारणार होतो. स्टेनलेसच्या मिळतात का इकडे?

बागाईतदार_काका

मिळतात, महाग आहेत. आम्ही पिन मारतच नाही, देठाशी कागदाचा पीळ देऊन टोक आत खोचतो. मजुराला एकदा हात धरून शिकवावं लागतं. पिंपळगावकडे येणार असशील तर बागेवर ये, दाखवतो. आणि ओझर-पिंपळगाव पट्ट्यात कुणाला रिळात भागीदारी हवी असेल तर इथेच लिहा, माझेही दोन एकर धरा.