मेस्क्लिनसारखा ग्रह: दिवस किती लहान ठेवता येईल?

तिरकाध्रुव: विज्ञानकथाकार हॅल क्लेमंटच्या मेस्क्लिन या काल्पनिक ग्रहावर ('ॲस्टाउंडिंग' मासिक, १९५३) विषुववृत्तावर गुरुत्व पृथ्वीच्या ३ पट, ध्रुवावर साडेसहाशे पटींच्या वर. कथेसाठी असाच खडकाळ ग्रह हवाय. आकार, घनता पृथ्वीएवढी, दिवस १ तासाचा. चालेल?

घनमूळ: नाही चालणार, ग्रह फुटेल. ८४ मिनिटांच्या दिवसातच पृथ्वीच्या विषुववृत्तावर वजन शून्य होतं, तेही गोल कडक धरला तर. खरा ग्रह विषुववृत्ताशी फुगतो. सगळीकडे सारख्या घनतेचा द्रव मानलात तर मर्यादा २ तास २५ मिनिटांच्या आसपास येते. ही मर्यादा फक्त घनतेवर ठरते, त्यामुळे ग्रह मोठा करून सुटका नाही. ३ तास ठेवा. विषुववृत्तावर साधारण ०.२२ जी (१ जी म्हणजे पृथ्वीवरचं गुरुत्व) वजा होतील, फुगवट्यामुळे आणखी थोडे.

तिरकाध्रुव: मग मेस्क्लिनचा पावणेअठरा मिनिटांचा दिवस कसा टिकतो?

घनमूळ: घनतेवरच, कारण आकाराच्या मानाने वस्तुमान प्रचंड. गुरूच्या १६ पट वस्तुमान, विषुववृत्ताचा व्यास ७७ हजार किमी, ध्रुवाकडचा ३२ हजारांच्या आसपास. सगळं वस्तुमान केंद्रात धरून ढोबळ हिशेब केला तर विषुववृत्तावर ओढ १३९ जी, फिरण्यामुळे बाहेर फेकणारी केंद्रोत्सारी ओढ १३७ जी. उरले दोन-तीन. म्हणजे दिवस १०-११ सेकंदांनी कमी केलात की विषुववृत्तावरचं सगळं हवेत! दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी असली की हाच धोका, दिवस सेकंदापर्यंत ठरवूनच लिहायला बसा.

काजवा: एक पुरवणी. हे वस्तुमान क्लेमंटने मनाने घेतलेलं नाही. ६१ सिग्नी ताऱ्याला गुरूच्या १६ पट वस्तुमानाचा अदृश्य जोडीदार असल्याचा दावा १९४३ मध्ये झाला होता, मेस्क्लिन म्हणजे तोच. दावा पुढे टिकला नाही, पण कथेला काय त्याचं! ध्रुवावरच्या गुरुत्वाचा आकडाही बराच जास्त धरला गेला होता, हे पुढे क्लेमंटनेच कबूल केलं.

आणि आकडे जुळले म्हणजे ग्रह झाला असं नाही. ६५० जी मध्ये १५ सेंमीवरून पडणं म्हणजे पृथ्वीवर जवळपास १०० मीटरांवरून. म्हणून तिथले सुरवंटासारखे लांबुडके जीव उंचीला घाबरतात, काही फेकत नाहीत, डोक्यावर छप्पर नको म्हणतात. तुमच्या ३ तासांच्या ग्रहावर फरक एवढा टोकाचा नाही. तिथे भीतीपेक्षा व्यापार बघा: दोन पारड्यांचा तराजू विषुववृत्तावर आणि ध्रुवावर सारखंच मोजेल, स्प्रिंगचा नाही. विषुववृत्तावर स्प्रिंगवर मोजून घेतलेलं धान्य ध्रुवाकडे नेऊन स्प्रिंगवरच विकणारा गब्बर होईल.