दत्तकाच्या होम स्टडीला ताई घरी येणार आहेत. सासूबाईंचं काय करू? आणि पुढची वर्षं कशी काढायची?

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायचा धीर केला.

आम्ही दोघं तासगावचे. मी 38, मिस्टर 43. मी पतसंस्थेत कॅशियर, मिस्टरांची थोडी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. दवाखाने, सोनोग्राफ्या, पुण्याच्या वाऱ्या सगळं करून झालं, त्यावर नको बोलायला. शेवटी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि कारावर (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी केली, पॅनकार्ड, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं सर्टिफिकेट सगळं चढवलं. होम स्टडीचे, म्हणजे घरी येऊन आमची पाहणी-चौकशी करतात त्याचे, 6000 भरले. परवा संस्थेतून फोन आला, सोशल वर्कर ताई पुढच्या गुरुवारी घरी येणार.

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. घर जुनं आहे. पडवीवर पत्रा, एका खोलीत बेदाण्याचे बॉक्स छतापर्यंत. बाथरूम मागच्या दारी. मिस्टरांना शुगर आहे, गोळी चालू आहे. बाळाची म्हणून वेगळी खोली नाही. मिस्टर म्हणतात रंग काढून घेऊ. आठवड्यात कुठला रंग वाळतो आणि वास कुठे जातो!

पण खरी काळजी सासूबाईंची. त्या वाईट नाहीत हो. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनीच सगळं केलं. पण त्यांचं म्हणणं, बाहेरचं कशाला, दिराचा धाकटा घ्या, रक्त तरी आपलं. आता नाइलाजाने तयार झाल्यात, पण एका अटीवर : मुलाला कधी सांगायचं नाही, आणि गावालाही नाही. मी म्हटलं, आई, ताई तुमच्याशीपण बोलणार आहेत. तर म्हणाल्या, "बोलू दे की. मी खोटं बोलत नाही, जे मनात आहे ते सांगेन." आता बोला!

त्यात नणंदेच्या ओळखीतली एक नर्सबाई निरोप धाडतेय की एवढी कागदपत्रं कशाला, "एक केस आहे, महिन्यात काम होईल." सासूबाईंना ते पटलंय, कारण त्यात कोणी घरी येऊन प्रश्न विचारत नाही.

आणि समजा होम स्टडी पार पडली, तरी पुढे तीन-साडेतीन वर्षं म्हणे. तोवर मी 41-42. हळदीकुंकवाला बायका पोटाकडे बघतात, त्यांना काय सांगायचं? घरात पाळणा आणून ठेवायचा का नाही? ज्यांचं झालंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

गोदाकाठ

बेदाणाताई, आधी रंगारी रद्द करा.

आमच्याकडे ताई आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरातले डबेसुद्धा पुसून लावले होते. त्यांनी डब्यांकडे बघितलंही नाही. गच्चीच्या कठड्याची उंची बघितली आणि पाण्याची टाकी झाकलेली असते का विचारलं. तुमच्याकडे शेड आहे, म्हणजे औषधं, गंधक, फवारणीच्या बाटल्या असणार. त्या कुठे ठेवता? कुलपात ठेवा, आजच. विहीर किंवा शेततळं असेल तर कुंपण आहे का, हे विचारतील. वेगळी खोली कोणी मागत नाही. आमचं भाड्याचं वन बीएचके होतं. उत्पन्नाचा ठरावीक आकडाही नियमात नाही, मूल नीट वाढवता येईल एवढी ऐपत दिसली पाहिजे. शुगरचं लपवू नका. गोळीने आटोक्यात आहे असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, बस.

बाकी वेळ सगळा गप्पांत जातो. दोघांना एकत्र, मग एकेकट्याला. आम्हाला काय काय विचारलं सांगते. लग्नाआधीचं घर कसं होतं. वडील मारायचे का. तुम्ही भांडता तेव्हा आधी कोण बोलतं. मूल सावळं असलं तर? अभ्यासात मागे पडलं तर? तुम्हा दोघांना काही झालं तर मूल कोणाकडे? आणि दवाखान्यांचं सगळं मनातून संपलंय का? या शेवटच्या प्रश्नाला मी रडले. मला वाटलं, गेलं आता. अहवालात उलट चांगलं लिहिलं होतं म्हणे. नवऱ्याने मात्र घोकून उत्तरं दिली, "आम्ही मुलाला उत्तम संस्कार देऊ" छाप. ताई हसल्या आणि म्हणाल्या, आता खरं सांगा.

आणि त्या नर्सबाईचा नंबर ब्लॉक करा. नणंदेला वाईट वाटलं तर वाटू दे.

आता_निवृत्त

मी एका विशेष दत्तक संस्थेत बरीच वर्षं काम केलं. खूप घरांच्या पायऱ्या चढले, म्हणून लिहिते.

नर्सबाईचं पहिलं. बाल न्याय कायद्यात मुलाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखाचा दंड. घेणाराही त्यात येतो. शिवाय ते मूल कायद्याने तुमचं कधीच होत नाही. शाळेत चौथीत असताना पोलीस दारात आलेली घरं मी पाहिली आहेत. मूल परत संस्थेत जातं. याहून जास्त लिहवत नाही.

दिराचा धाकटा हा मार्ग वेगळा, हिंदू दत्तक आणि भरणपोषण कायदा 1956, त्यात दत्तकपत्र नोंदवतात. बेकायदा काही नाही. पण ज्याची आई शेजारच्याच खोलीत राहते त्या मुलाला कोणी विचारलंय का? सासूबाईंना हा प्रश्न शांतपणे विचारा, वाद म्हणून नको.

आता सासूबाईंचं. ज्या घरात आजी-आजोबा पहिल्या भेटीत "वा वा, आम्हाला काहीच अडचण नाही" म्हणायचे, तिथे मला जास्त खोदावं लागायचं. तुमच्या सासूबाई मनातलं बोलणार असतील तर बोलू द्या. रक्ताची भीती, जातीची भीती, लोक काय म्हणतील याची भीती, हे ताईंनी रोज ऐकलेलं असतं. त्यांना बघायचं असतं की या घरात एकाला शंका आली तर बाकीचे तिच्याशी कसे वागतात. तुम्ही त्यांना गप्प बसवलंत तर ते जास्त दिसेल.

मात्र "मुलाला सांगायचं नाही" या अटीवर तुम्हा दोघांचं आधी पक्कं ठरलेलं हवं. हा प्रश्न येणारच. मूल आपलं मूळ शोधू शकतं, तशी तरतूद नियमांतच आहे. गाव तासगावएवढं. सून कधी गरोदर दिसली नाही आणि घरात अचानक चार-सहा महिन्यांचं बाळ आलं, हे कोणापासून लपणार? शाळेच्या मैदानात दुसऱ्या पोराकडून कळण्यापेक्षा मांडीवर असतानाच गोष्टीसारखं ऐकलेलं बरं. दोन-तीन वर्षांचं असल्यापासून सांगा, त्याला अर्थ कळत नसला तरी. सांगायची सवय आपल्याला लागते, तो खरा फायदा. पंधराव्या वर्षी समोर बसवून सांगायला गेलेल्या आई-बापांची तोंडं मी बघितली आहेत.

कागदोपत्री एवढंच : कागद पूर्ण दिल्यापासून होम स्टडी 60 दिवसांत व्हायला हवी. अहवाल तीन वर्षं चालतो, मग पुन्हा करावा लागतो, तेव्हा घाबरू नका. नकार आला तर कारण कळवावं लागतं आणि काराकडे अपील करता येतं. तुमच्या दोघांच्या वयाची बेरीज 81. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याला 85 ची मर्यादा आहे, तेव्हा नोंदणी वेळेत झाली.

हडपसरचा_बाप

थांबण्याबद्दल मी लिहितो, कारण त्यात माझी पीएचडी झालीय.

आधी हे डोक्यातून काढा की तुमच्या वेळेला कोणी फाइल दाबून बसलंय. आमचे एक मामा दर भेटीत म्हणायचे, "आश्रम भरलेत पोरांनी, तुम्हाला का देत नाहीत?" भरलेत, पण त्यातल्या बहुतेकांना आई किंवा बाप किंवा कोणीतरी आहे. ती दत्तक जाऊ शकत नाहीत. आईने स्वतः सोडून दिलेलं बाळ असेल तर तिला फेरविचाराला 60 दिवस असतात. टाकून दिलेलं असेल तर आधी घरच्यांचा शोध, पेपरात फोटो, मग बाल कल्याण समिती मूल मोकळं असल्याचं जाहीर करते. 2024-25 मध्ये देशभरात 4515 मुलं दत्तक गेली, त्यातली 4155 देशातल्याच घरांत. हा बऱ्याच वर्षांतला मोठा आकडा, तरी रांगेत घरं त्याच्या कितीतरी पट. गणित एवढंच आहे. आणि खरं सांगू, त्या 60 दिवसांत एखादी आई परत येऊन बाळ घेऊन जाते, तर मला त्याचा राग येत नाही. आधी यायचा.

मी रोज रात्री काराचं पोर्टल उघडून रांगेतला नंबर बघायचो. चार महिने जागचा हलायचा नाही, मग एकदम सरकायचा. बायकोने पासवर्ड बदलला आणि महिन्याच्या एक तारखेलाच उघडायचं ठरवलं. घरातली शांतता परत आली.

फोन नंबर आणि ईमेल मात्र बदलू नका, बदलला तर लगेच अपडेट करा. रेफरल, म्हणजे तुमच्यासाठी बाळ सुचवल्याचा निरोप, आलं की बाळ राखून ठेवायला 48 तास मिळतात. आम्ही नेमके कोकणात, रेंज नाही. मेव्हण्याने मेल बघितला म्हणून निभावलं. बाळाचा फोटो, अहवाल, मेडिकल येतं. एक बालरोगतज्ज्ञ आधीच बोलून ठेवा, मेडिकल त्यांना दाखवता येतं. अहवालातले इंग्रजी शब्द रात्री दोनला गूगल करून घाबरू नका. आमच्या लेकीच्या कागदावर लिहिलेल्या एका शब्दाने आम्ही जेवलो नव्हतो. डॉक्टर म्हणाले, कमी वजनाच्या अर्ध्या बाळांना हे असतं.

पाळणा आणू नका. आणलेला पाळणा तीन वर्षं कपडे वाळत घालायच्या कामाला येतो. त्यापेक्षा पैसे बाजूला टाका आणि सुट्ट्या साठवा. स्वीकारल्यावर सगळं भराभर होतं, दहा दिवसांत बाळ दत्तकपूर्व संगोपनासाठी, म्हणजे दत्तकाचा आदेश व्हायच्या आधीच, घरी येतं. पूर्वी त्या आदेशाला कोर्टात जावं लागायचं, सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात. जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमचीच नावं लागतात. पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी ताई बघायला येतात. आमची लेक त्यांना "माझी मावशी" म्हणून सगळ्यांना सांगते.

आजी_इचलकरंजी

मला मोबाइलवर लिहाय येत नाही, सून लिहितीय. हे तुझ्या सासूला वाचून दाखव.

बाई, मी बी रक्त रक्त केलंवतं. आमच्या मालकांचा पुतण्या मांडीवर बसवायचं म्हणून हट्ट धरला, आठ दिवस सुनेशी बोलले नाही. बाळ आलं त्या दिवशी मी देवळात जाऊन बसले, घरी थांबले नाही. संध्याकाळी आले तर पोरगं रडतंय आणि ह्या दोघांना काय कळंना. पोट दुखतंय हे मला दारातच कळलं. हिंग उगाळून बेंबीला लावला, तर गप झालं. तवापासनं ते माझ्याजवळच झोपतंय. आता दुसरीला आहे, मला पाढे म्हणून दाखवतंय आणि चुकलं तर मलाच रागावतंय.

गावाला सांगायचं म्हणशील तर मीच सांगितलं, हळदीकुंकवात उभं राहून. एकदा सांगितलं की बायका दोन आठवडे बोलत्यात, मग त्यांच्या सुनांचं सुरू होतंय. लपवलं तर जन्मभर बोलत्यात.

बेदाणा_तासगाव

सगळ्यांचे आभार. रंगारी रद्द. फवारणीची औषधं मिस्टरांनी लोखंडी पेटीत टाकून किल्ली वर खुंटीला लावली. शेततळ्याला जाळी आहे, पण एका बाजूने फाटली होती, ती ओढून घेतली.

आजींचं सासूबाईंना वाचून दाखवलं. हिंगाचं ऐकून म्हणाल्या, "उगाळून नव्हे, पाण्यात कालवून लावायचा." त्यापलीकडे काही बोलल्या नाहीत, पण दुपारी शेजारच्या काकूंना सांगत होत्या की गुरुवारी आमच्याकडे बाळाच्या चौकशीला बाई येणार आहेत. म्हणजे गावाला सांगायचं नाही ही अट त्यांनीच मोडली. मुलाला सांगायचं मात्र अजून मनावर येत नाही. ताईंसमोर तसं बोलल्या तर बोलू दे, मी आणि मिस्टर आमचं काय ठरलंय ते सांगू.

दोन शंका राहिल्या. बाळ कुठल्या राज्यातलं चालेल यात आम्ही फक्त महाराष्ट्र टाकलंय, ते वाढवू का? आणि सासूबाई विचारतायत, ताई पहिल्यांदाच घरी येतायत तर ओटी भरायची का? साडी नाही, नुसता खण आणि नारळ.

आता_निवृत्त

दुसऱ्या भाषेच्या बाळाला घरात मराठी शिकायला सहा महिने पुरतात, तान्हं असेल तर तेवढेही नकोत. दोघांची मनाची तयारी असेल तर राज्यं वाढवा, संधी वाढते. फक्त मग भेटीला लांबचा प्रवास आणि तिथला मुक्काम याची तयारी हवी.

ओटी नको. खण-नारळसुद्धा भेटवस्तूत धरतात, ताई अडचणीत येतील. चहा चालतो. तुमचे बेदाणे बशीत ठेवा, दोन-चार तोंडात टाकतील. पिशवीत बांधून देऊ नका.