पहिला बार किती दारूचा? ठासणीची रायफल, शिशाची गोळी आणि चिंधी

चकमकवाला (पेनसिल्व्हेनिया)

आमच्याकडे २६ डिसेंबरपासून चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकांसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो. त्यासाठी मी यंदा ०.५० इंच नळीची ठासणीची, म्हणजे तोंडाकडून भरायची, रायफल घेतली आहे. नेमबाजीच्या मैदानावरील जाणत्यांनी पहिल्याच दिवशी "सरळ ९० ग्रेन काळी दारू घाल" असा सल्ला दिला (ग्रेन हे दारू आणि गोळी मोजण्याचे छोटे माप). हा सल्ला मला उलट्या टोकाने सुरू झालेला वाटतो. माझ्या मते आधी गोळी आणि तिच्याभोवती गुंडाळायची कापडाची चिंधी जुळवावी, आणि दारूची सुरुवात नळीच्या आकड्याइतकीच, म्हणजे ५० ग्रेनच्या मापाने करावी.

हिशेब साधा आहे. गोळी ०.४९० इंचाची आणि चिंधी ०.०१५ इंच जाडीची धरली, तर दोन्ही बाजूंची चिंधी मिळून ०.५२० इंच होतात. नळी ०.५०० इंचाची आणि तिच्या आतली पेचदार खाच ०.०१० इंच खोल असेल, तर खाचेच्या तळापासून समोरच्या तळापर्यंतचे अंतरही ०.५२० इंचच भरते. तिथे ०.०१० इंचाचे तलम कापड वापरले, तर खाचांच्या तळाशी फट राहते, तिच्यातून पेटलेला वायू पुढे निसटतो आणि चिंधी जळते. अशा वेळी दारू कमी-जास्त करून नेम सुधारत बसणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरत राहणे होय. म्हणून मी टेकू घेऊन ५० यार्डांवर पाच-पाच बार काढतो, दर वेळी ५ ग्रेनच वाढवतो आणि नळीपुढे पडलेल्या चिंध्या वेचून पाहतो. मध्ये भोक पडलेली चिंधी वायू निसटल्याचे सांगते, आणि खाचांच्या ओळीवर कापलेली चिंधी खाचांमधले कंगोरे धारदार असल्याचे.

कोलोरॅडोचा शिकारी

चिंध्या वाचण्याबद्दल वाद नाही, ५० ग्रेनबद्दल आहे. खाचा ६६ इंचांत एक फेरा घेतात अशा संथ पेचाच्या नळीत हलका बार बहुधा विखुरतो, आणि नवशिक्याला वाटते की गोळीच चुकीची आहे. मग तो गोळ्या बदलतो, कापड बदलतो आणि शेवटी बंदूक विकतो. माझ्या अनुभवात अशा नळीच्या गोळ्या ८० ग्रेनच्या आसपास एकत्र पडू लागतात, तेव्हा खालच्या सहा पायऱ्यांवर शिसे कशाला जाळावे? शिवाय ०.४९० इंचाची गोळी जेमतेम १७७ ग्रेन वजनाची असते आणि गोल असल्यामुळे तिचा वेग हवेत झपाट्याने ओसरतो. आमच्या राज्यात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी किमान ०.५० इंचाची नळी लागते, ती उगीच नव्हे. नेमका पण दुबळा बार जनावराला फक्त जखमी करतो, आणि ते मला मान्य नाही.

चकमकवाला

आपण आरंभीचा बार आणि शिकारीचा बार एकच धरत आहात. मी हरणावर ५० ग्रेन झाडणार असे कुठेही म्हटलेले नाही. माझ्या नळीचा पेच ४८ इंचांत एक फेरा आहे, त्यामुळे तुमचा ८० चा आकडा मला जसाच्या तसा लागू पडत नाही. आणखी एक गोष्ट अशी की मोठ्या बाराचा धक्का खाऊन खांदा आधीच आकसू लागला, तर लक्ष्यावरचे विखुरलेपण दारूचे की माझे, हे ठरवणार कोण? दारूचा दाणाही विसरू नका (एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक). तीन एफची बारीक दारू त्याच मापात दोन एफपेक्षा जास्त दाब देते, म्हणून ९० ग्रेनचा सल्ला दाणा सांगितल्याशिवाय अपुराच आहे. बंदूक बनवणाऱ्याने छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही आणि बिनधुराची (आधुनिक काडतुसांतली) दारू ठासणीच्या नळीत कधीच घालायची नाही, एवढे तरी आपण दोघेही मानतो.

बखरीचा नादी

दोघांच्याही वादात गज, म्हणजे गोळी आत ढकलायची काठी, राहूनच गेला. इंग्रज सैन्याने १८०० साली बेकर रायफल घेतली, तेव्हा घट्ट गोळी आत ढकलण्यासाठी सुरुवातीला लाकडी हातोडे दिले होते. ते लवकरच बंद झाले. पुढे शिपायांजवळ नेमासाठी चिंधीची सुटी गोळी आणि घाईच्या वेळेसाठी कागदी काडतूस, असे दोन्ही असे. मूळ लेखकाची बेरीज बरोबर आहे, पण ती एकाच मार्गाने साधत नाही. ०.४८५ इंचाची गोळी आणि ०.०१८ इंचाचे उशीच्या खोळीचे जाड सुती कापड घेतले, तरी ०.५२१ भरतात. जाड कापड दबते, गोळी अंगठ्याने सहज बसते आणि चौथ्या-पाचव्या बारानंतर, नळी काजळीने माखली असतानाही, गज अडत नाही. काळ्या दारूचे निम्म्याहून अधिक वजन घन रूपात मागे उरते, त्यामुळे पहिल्या बारापेक्षा पाचव्या बाराला काय बसते, तेच मोजावे.

सिंधुदुर्गकर

आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेली ठासणीची बंदूक बहुधा आतून गुळगुळीत असते आणि तीत छर्रे भरतात, म्हणून खाचांची ही बेरीज तिला लागू नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे: गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. गजावर खूण करून ठेवा, म्हणजे गोळी पूर्ण खाली गेली की नाही ते कळते.

कोलोरॅडोचा शिकारी

खूण मान्य. बखरीचे नादी म्हणतात ती जाड खोळ मीही वापरतो, पण मैदानावरच्यासारखी थुंकीने ओली करून नव्हे. बंदूक सकाळपासून दुपारपर्यंत भरलेली राहिली, तर ओली चिंधी दारू भिजवते आणि मग रंजक (बाहेरून पेटवायची चिमूटभर दारू) पेटूनही बार उडत नाही. मधमाश्यांचे मेण आणि चरबी लावावी. मात्र चिंधीचे वंगण बदलले, की बार पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो. ५० पासून चढत आलेल्या माणसाला हे सारे दोनदा करावे लागेल.

चकमकवाला

दोनदा करीन. थुंकीची चिंधी मी आजपासूनच सोडली, कारण ज्या वंगणाने शिकार करायची त्याच वंगणाने तपासायचे, हा तुमचा मुद्दा माझ्याच नियमातून निघतो. ०.४८५ ची गोळीही मागवतो. सुरुवात मात्र ५० नेच. आठवड्याने दोन्ही गोळ्यांच्या चिंध्या क्रमाने मांडून वर्णन लिहितो. ८० पर्यंत जाण्याआधीच भोके बंद झाली, तर तुम्हाला तुमचा आकडा सोडावा लागेल.

कोलोरॅडोचा शिकारी

भोके बंद होणे वेगळे आणि गोळ्या एकत्र पडणे वेगळे. लक्ष्याचे कागदही जपून ठेवा.