आरओच्या नळीतून वाहून जाणारं पाणी

पाणी वाचवायला भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घालावं, ही सूचना वाचली आणि पटलीच. त्यात आरओची, म्हणजे पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची, भर घालते. साध्या घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर सरळ मोरीत जातं! ती नळी बादलीत सोडा. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते पाणी उत्तम. कुंड्यांना रोज नको, क्षार जास्त असतात.

मुळात नाशिकच्या गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येत असेल, तर आरओ लावण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून घ्या. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच केंद्राला सांगितलं होतं. बोअरवाल्या सोसायट्यांचं वेगळं, तिथे क्षार जास्त असू शकतात.

आणि फ्लशच्या जुन्या टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवा, दर वेळी तेवढं पाणी वाचतं. फक्त ती फ्लोटला अडकू देऊ नका.