मॉडेलच्या नावातलं '८बी', 'क्यू४_के_एम', '१२८के' म्हणजे काय? शासन निर्णय वाचून घ्यायचे आहेत

प्रश्न

लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालणारं भाषा मॉडेल हवं आहे. १६ जीबी रॅम आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ओलामा (मॉडेलं आपल्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) बसवलं आणि मेटा कंपनीचं लामा ३.१ मॉडेल उतरवलं. नावापुढे '८बी', 'इन्स्ट्रक्ट', 'क्यू४_के_एम' असं लिहिलंय, माहितीत '१२८के कॉन्टेक्स्ट'. काम असं: ग्रामपंचायतीशी संबंधित तीन-चारशे शासन निर्णयांच्या पीडीएफ आहेत, त्यांवर मराठीत प्रश्न विचारायचे.

१२८के म्हणजे भरपूर, असं समजून दोन-तीन निर्णय एकदम चिकटवले, तर पहिल्या निर्णयातलं काहीच त्याला सांगता येत नाही. शिवाय उत्तर सुरू व्हायलाच काही मिनिटं लागतात. एक जण म्हणतो फाइन-ट्यूनिंग करा, दुसरा म्हणतो रॅग करा. या शब्दांचे अर्थ आणि माझ्या कामाशी त्यांचा संबंध, दोन्ही सांगाल का?

उत्तर १

आधी नाव सोडवू. '८बी' म्हणजे ८ अब्ज पॅरामीटर. पॅरामीटर म्हणजे प्रशिक्षणात ठरलेला एकेक आकडा, बाकी काही नाही. मूळ मॉडेलमध्ये प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे २ बाइटचा असतो, म्हणून ८ अब्जांचे १६ जीबी झाले. ते तुमच्या रॅममध्ये मावणार नाहीत. म्हणून क्वांटायझेशन करतात, म्हणजे तेच आकडे कमी बिटांत, थोडी अचूकता सोडून साठवतात. 'क्यू४' म्हणजे साधारण ४ बिट. 'के' हे आकडे गटागटाने साठवण्याच्या पद्धतीचं नाव आणि 'एम' म्हणजे मध्यम, यात नाजूक थर (थर म्हणजे मॉडेलमधली गणिताची एकेक पायरी) जरा जास्त बिटांत ठेवलेले असतात. त्यामुळे सरासरी ४ ऐवजी ४.८ बिटांच्या आसपास पडते आणि फाइल सुमारे ४.९ जीबीची होते. 'क्यू८' घेतलंत तर साडेआठ जीबी. 'क्यू२' च्या वाटेला जाऊ नका, मराठीत विभक्ती आणि जोडाक्षरं तिथे सगळ्यात आधी बिघडतात. 'इन्स्ट्रक्ट' म्हणजे सूचना पाळायला शिकवलेली आवृत्ती, तुम्हाला तीच हवी.

आता १२८के, म्हणजे १२८ × १०२४ = १,३१,०७२ टोकन. टोकन म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा, आणि कॉन्टेक्स्ट किंवा 'खिडकी' म्हणजे मॉडेल एका वेळी समोर ठेवू शकतं तेवढा मजकूर. ही मॉडेलची कमाल मर्यादा आहे. तुमचं ओलामा तितकी जागा देतंय असं नाही. कमी मेमरीच्या मशीनवर ते आपणहून ४०९६ (जुन्या आवृत्त्यांत २०४८) टोकनांचीच खिडकी उघडतं आणि मजकूर त्याहून मोठा झाला की आधीचा भाग मुकाट्याने गाळतं. सूचना नाही, चूक दाखवणं नाही. तुमचा पहिला निर्णय तिथेच गेला. गप्पा सुरू असताना 'सेट पॅरामीटर नम_सीटीएक्स ८१९२' ही आज्ञा इंग्रजीत द्या (/set parameter num_ctx 8192), किंवा मॉडेलफाइलमध्ये, म्हणजे मॉडेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, तो आकडा लिहा.

एकदम १,३१,०७२ का टाकू नये, तर प्रत्येक टोकनमागे मॉडेल 'केव्ही कॅश' नावाची टिपणं रॅममध्ये ठेवतं. लामा ३.१ ८बी मध्ये ३२ थर, दर थरात ८ केव्ही हेड, दर हेडला १२८ आकडे, की आणि व्हॅल्यू असे दोन संच, दर आकडा २ बाइट. गुणाकार करा: टोकनमागे १२८ केबी. ८१९२ टोकनांना १ जीबी, १६,३८४ ला २ जीबी आणि पूर्ण १२८के ला १६ जीबी, तेही मॉडेलचे ४.९ जीबी वेगळे. ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर धरले तर तुमच्यासाठी ८१९२ हा शहाणपणाचा आकडा आहे, फार तर १६,३८४.

संथपणाची कारणं दोन आहेत. उत्तर लिहिताना दर टोकनला मॉडेलचे सगळे ४.९ जीबी रॅममधून वाचले जातात. म्हणून वेग ठरतो रॅमच्या बँडविड्थवर, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाचता येते यावर. डीडीआर४-३२०० च्या दोन स्टिक असतील तर सेकंदाला कमाल ५१.२ जीबी, म्हणजे जास्तीत जास्त १० टोकन. १६ जीबीची एकच स्टिक असेल तर निम्मे. प्रत्यक्षात याहूनही कमीच मिळतं. तेव्हा मागचं झाकण उघडून स्टिक किती आहेत ते बघा. ८-८ च्या दोन लावणं हा सगळ्यात स्वस्त वेग आहे.

दुसरं, उत्तर सुरू होण्याआधी प्रश्नाचा सगळा मजकूर वाचला जातो आणि तिथे प्रोसेसरच्या गणनशक्तीचा कस लागतो. सेकंदाला ३० टोकन वाचणाऱ्या प्रोसेसरला ६००० टोकनांसाठी २०० सेकंद लागणारच. हे टाळायचं तर मजकूरच कमी द्यायला हवा.

उत्तर २

वरच्या उत्तरात टोकनांचा हिशोब आला, पण मराठीत तो वेगळा पडतो, त्याबद्दल थोडं.

मॉडेल अक्षरं वाचत नाही, शब्दही नाही. टोकनायझर मजकुराचे तुकडे पाडतो आणि दर तुकड्याला क्रमांक देतो. हे तुकडे बहुतेक वेळा बाइटपासून जोडत जोडत वर बनवलेले असतात. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. 'महाराष्ट्र' हा शब्द १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा. प्रशिक्षणात मराठी मजकूर पुरेसा असेल तर त्यातले मोठे तुकडे टोकनायझरच्या कोशात असतात. नसेल तर शब्दाचा चुरा होतो आणि तीच ८१९२ ची खिडकी इंग्रजीच्या मानाने खूप लवकर भरते.

फरक किती पडतो? ओपनएआयने मे २०२४ मध्ये नवा टोकनायझर आणला तेव्हा त्यांनीच दिलेल्या नमुना वाक्यात मराठीची टोकनं ९६ वरून ३३ वर आली, इंग्रजीची २७ वरून २४ वर. भाषा तीच, आशय तोच.

तुमच्या मॉडेलचं स्वतःच मोजा. ओलामा 'वर्बोज' पर्यायासह (--verbose) चालवा, निर्णयाचं एक पान चिकटवा, शेवटी 'प्रॉम्प्ट इव्हॅल काउंट' दिसेल. त्याला पानावरच्या शब्दसंख्येने भागा. हा आकडा हाती आल्याशिवाय खिडकीत किती पानं मावतात याचा अंदाज करू नका.

आणखी एक. लामा ३.१ च्या अधिकृत आठ भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. उत्तरात मधेच हिंदी शब्द आले तर ते म्हणून. गूगलच्या गेमा ३ या मॉडेलचा कोश सुमारे २,६२,००० टोकनांचा आहे, लामाचा १,२८,२५६. शिवाय त्यात दर सहा थरांपैकी पाच थर फक्त जवळची १०२४ टोकनं पाहतात, त्यामुळे केव्ही कॅश बरीच कमी लागते. ४बी सहज चालेल, १२बी ४ बिटांत आठेक जीबी घेईल आणि तुमच्याकडे रॅम काठावर येईल. दोन्ही लावून बघावं.

उत्तर ३

फाइन-ट्यूनिंग की रॅग? तुमच्या कामाला रॅग, यात मला शंका नाही.

फाइन-ट्यूनिंगने मॉडेलचे पॅरामीटर बदलतात. त्याने शैली, उत्तराचा साचा, एखादं ठरावीक काम नीट शिकवता येतं. पण 'अमुक निर्णयातल्या परिच्छेद ४ ची अट' मॉडेल शब्दशः लक्षात ठेवेल याची खात्री नाही, आणि शासनाने उद्या नवा निर्णय काढला की पुन्हा सगळं करा. रॅगमध्ये मॉडेलला हात लावत नाही. प्रश्न आला की आधी संबंधित परिच्छेद शोधायचे, तेवढेच प्रश्नासोबत द्यायचे. ५०० टोकनांचे पाच तुकडे म्हणजे २५०० टोकन, ८१९२ मध्ये आरामात बसतं.

पण रॅग बिघडतो तो बहुतेक वेळा मॉडेलच्या आधीच. पीडीएफमधून मजकूर बाहेर काढून एकदा डोळ्यांनी वाचा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधला असेल तर रोमन अक्षरांचा कचरा मिळेल, तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो. स्कॅन केलेल्या पानांना टेसरॅक्ट (चित्रातला मजकूर ओळखणारा प्रोग्रॅम) आणि त्याचा मराठी भाषासंच वापरा, स्कॅन ३०० डीपीआयचं हवं. युनिकोड पीडीएफमध्येही पहिली वेलांटी जागा सोडून बसते, तेही तपासा.

मग एकसारखेपणा. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो: एकदा नुक्ता असलेल्या ऱ ने, एकदा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधात वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं एनएफसी रूपांतर हे दोन एक करत नाही. स्वतः बदली करा. देवनागरी आणि रोमन अंकही एका रूपात आणा.

शोधासाठी एम्बेडिंग लागतं, म्हणजे तुकड्याच्या अर्थाचं आकड्यांच्या यादीतलं रूप. बीजीई-एम३ हे एम्बेडिंग मॉडेल बहुभाषिक आहे, तुकड्यामागे १०२४ आकडे देतं आणि ८१९२ टोकनांपर्यंत मजकूर घेतं. मल्टिलिंग्वल-ई५ घेतलंत तर मर्यादा ५१२ टोकनांची, आणि प्रश्नाआधी 'क्वेरी:', तुकड्याआधी 'पॅसेज:' हे शब्द इंग्रजीत लावणं बंधनकारक आहे. ते विसरलात तर शोध चालतो, पण खराब चालतो, आणि कारण सापडत नाही.

एम्बेडिंगला अर्थ कळतो, क्रमांक कळत नाही. निर्णयाचा १८ अंकी संकेतांक विचारलात तर ते भलताच निर्णय आणेल. म्हणून सोबत बीएम२५ सारखा शब्दशः शोध हवाच, दोन्हींचे निकाल एकत्र करा.

तुकडे पाडताना शब्द मोजून कापू नका, परिच्छेद क्रमांकावर कापा. 'वरील अट क्र. २ नुसार' असा तुकडा एकटा निरर्थक असतो, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर विभाग, विषय, दिनांक आणि संकेतांक पुन्हा लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: निर्णय लागू आहे की अधिक्रमित, त्याचं शुद्धिपत्रक निघालंय का, हे वेगळ्या रकान्यात हाताने भरा. जुना आणि नवा निर्णय शब्दांनी इतके सारखे असतात की शोध हमखास दोन्ही आणतो, आणि मॉडेल जुनी रक्कम ठामपणे सांगून मोकळं होतं. तीन-चारशे निर्णयांसाठी हे काम कंटाळवाणं आहे, पण ग्रामपंचायतीत त्या उत्तरावर कोणी खर्च मंजूर करणार असेल तर ते टाळता येत नाही.

प्रश्नकर्ता

खूप उपयोग झाला. खिडकी ८१९२ केली, पहिल्या निर्णयाचं उत्तर आलं. टेंपरेचर शून्य ठेवलं तर मनाचं काही सांगणं थांबेल का?

उत्तर १

नाही. पुढचं टोकन निवडताना किती मोकळीक द्यायची, एवढंच टेंपरेचर ठरवतं. शून्यावर ते दर वेळी सर्वांत संभाव्य टोकन उचलतं, त्यामुळे उत्तर बहुधा तेच-तेच येतं. चुकीचं असेल तर तेच चुकीचं. तुमच्या कामाला ० ते ०.२ ठेवा, पण विश्वास त्यावर टाकू नका.

मॉडेलला सूचना द्या: दिलेल्या परिच्छेदांत उत्तर नसेल तर 'सापडलं नाही' असं लिही, आणि प्रत्येक विधानापुढे संकेतांक व परिच्छेद क्रमांक दे. मग एक छोटा प्रोग्रॅम ठेवा, जो उत्तरातला प्रत्येक १८ अंकी संकेतांक तुमच्या यादीत आहे का आणि पाठवलेल्या तुकड्यांत होता का, हे ताडून बघेल. नसेल तर उत्तर दाखवूच नका.