नुसती यादी देऊन भागत नाही

अफवा ओळखायला शिकवायचं तर फॅक्ट-चेक साइट्सची (फिरणारे दावे खरे की खोटे ते तपासणाऱ्या संकेतस्थळांची) यादी मुलांना दिली की पुरे, असं काही जण म्हणतात. हे मत मला पटत नाही. काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेलं कुणी तपासायला जातच नाही.

मी नववीला २०१८ मध्ये फिरलेली मूल पळवण्याची चित्रफीत दाखवतो. मोटरसायकलवाले मूल उचलतात, तेवढंच फिरलं. मूळ फीत कराचीतली, बालसुरक्षेच्या जनजागृतीची. मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेला. आधी कापलेली दाखवून मतं लिहून घेतो, मग पूर्ण. त्यानंतर राईनपाडा सांगतो: १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, अशाच अफवेपायी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराधांना जमावाने ठार मारलं. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, “सर, कापलेलं कुठे शोधायचं?” उरलेला तास स्क्रीनशॉटवरून मूळ फीत शोधण्यातच गेला.